भूकंपाचा अभ्यास घराघरांत नेणारे प्रा. जयकृष्ण



सप्टेंबर महिन्यात अभियंता दिनाच्या निमित्ताने आपल्याकडे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची आठवण निघते. हैदराबादकरांना तर ते घरचेच वाटतात. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर शहराला पुरापासून वाचवण्याची योजना त्यांनी आखून दिली आणि त्यातून उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. पुराचे पाणी किती चढले हे डोळ्यांना दिसते, म्हणून ते अडवणारा माणूसही लोकांच्या लक्षात राहतो. भूकंप मात्र बहुधा मिनिटभरही टिकत नाही, आणि पुढचा केव्हा येईल ते कोणालाच सांगता येत नाही. त्याच्याशी सामना करण्याची विद्या ज्यांनी आपल्या देशात रुजवली त्यांचे नाव अभियंत्यांच्या जगात फार मोठे आहे, पण शाळेच्या पुस्तकांत ते क्वचितच भेटते. ते नाव म्हणजे प्रा. जयकृष्ण. भारतातील भूकंप अभियांत्रिकीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या कार्याची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

जयकृष्ण यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९१२ रोजी उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर येथे झाला. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी रुडकीच्या थॉमसन कॉलेजात घेतले. हे कॉलेज १८४७ साली सुरू झाले. पुढे १९४९ साली त्याचे विद्यापीठ झाले आणि २००१ पासून ते आय.आय.टी. रुडकी म्हणून ओळखले जाते. शिक्षण झाल्यावर काही वर्षांनी जयकृष्ण याच संस्थेत शिक्षक झाले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच वेचले. १९५४ साली लंडन विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली.

त्यांच्या तरुणपणीच देशाला भूकंपांचे मोठे तडाखे बसले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळमध्ये झालेल्या भूकंपात दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. जयकृष्ण तेव्हा २१ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, ३१ मे १९३५ रोजी, बलुचिस्तानातील क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले. क्वेट्ट्याच्या त्या ढिगाऱ्यात एक गोष्ट मात्र अभियंत्यांच्या नजरेत भरली. त्याआधीच्या, १९३१ सालच्या भूकंपानंतर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे अभियंत्याने काही रेल्वे वसाहती जुन्या रुळांचा सांगाडा वापरून बांधल्या होत्या. आजूबाजूला सारे पडले, पण ती घरे उभी राहिली. म्हणजे भूकंप थांबवणे माणसाच्या हाती नसले तरी घर पडू न देणे त्याच्या हाती होते.

हे कसे, ते समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी नारायणगुड्याहून कोठीला जाणारी सिटी बस डोळ्यांपुढे आणावी. बस एकदम सुटली की उभा असलेला माणूस मागे झुकतो आणि ब्रेक लागला की पुढे जातो. त्याला कोणी ढकललेले नसते. पायांखालची जमीन हलली आणि अंगाचे वजन जागीच राहू पाहत होते, एवढेच. भूकंपात घराचेही असेच होते. पाया जमिनीबरोबर हलतो, वरचे छप्पर मात्र मागे राहू पाहते आणि मधल्या भिंतींवर ताण येतो. छप्पर जितके जड, तितका ताण अधिक. ज्याने दांडी घट्ट धरली आहे तो प्रवासी पडत नाही. घरालाही अशी दांडी लागते. चारही भिंती एकमेकींना आणि छपराला बांधलेल्या असल्या तर घर एकजीव होऊन हलते. त्या सुट्या असल्या तर प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने कोसळते.

१९५० च्या दशकात जयकृष्ण अमेरिकेत गेले असताना कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील भूकंपाच्या अभ्यासाशी त्यांचा परिचय झाला. जॉर्ज हाउसनर आणि डोनाल्ड हडसन ही त्या क्षेत्रातील दोन मोठी नावे. भूकंपात इमारत कशी हलते, याचे गणित तेथे मांडले जात होते. हिमालयाच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या देशाला या शास्त्राची गरज कितीतरी अधिक आहे, हे जयकृष्ण यांनी ओळखले. परत येऊन त्यांनी रुडकीत हा विषय सुरू केला. १९५९ साली तेथे भूकंप अभियांत्रिकीवर पहिला परिसंवाद झाला आणि १९६० साली या विषयाचे संशोधन व प्रशिक्षण देणारी स्वतंत्र शाखा उभी राहिली. जयकृष्ण तिचे पहिले संचालक होते. १९६२ साली भूकंप तंत्रज्ञानाची भारतीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक रचनेची पहिली संहिता प्रसिद्ध केली. आय.एस. १८९३ या क्रमांकाची ही संहिता अनेकदा सुधारली गेली, पण आजही अभियंत्याच्या टेबलावर ती असते.

जयकृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाचा एक विशेष आम्हाला फार मोलाचा वाटतो. देशाजवळ पैसा थोडा आहे आणि बहुतेक लोक विटा, दगड, मातीच्या घरांत राहतात, ही गोष्ट त्यांनी कधी नजरेआड होऊ दिली नाही. भूकंप मोजणारी परदेशी यंत्रे महाग होती. म्हणून रुडकीत एक साधे, विजेवाचून चालणारे यंत्र तयार करण्यात आले. त्यात वेगवेगळ्या गतीने झुलणारे लंबक असत आणि धक्का बसला की काजळी धरलेल्या काचेवर त्यांचा ओरखडा उमटे. त्या ओरखड्याच्या लांबीवरून कोणत्या प्रकारच्या इमारतीला किती हिसका बसला असता, याचा अंदाज घेता येई. पुढे रुडकीच्या संशोधकांनी विटांच्या लहान घरांची परीक्षा घेण्यासाठी चक्क रेल्वेच्या वाघिणीचा उपयोग केला. रुळांवरच्या वाघिणीवर घर बांधायचे, दुसऱ्या वाघिणीची तिला धडक द्यायची आणि भिंतीला तडा कोठे जातो ते पाहायचे!

अशा अभ्यासातून जे निघाले ते सांगायला अगदी सोपे आहे. दारे-खिडक्यांच्या वर, लिंटलच्या उंचीवर, साऱ्या भिंतींना वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालावा. कोपऱ्यांत पायापासून छपरापर्यंत उभी सळई ठेवावी. दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटून ठेवू नयेत. १९६७ साली इमारतींसाठी जी वेगळी संहिता निघाली तिच्यात या गोष्टी आल्या. यासाठी बांधकामाचा खर्च थोडासाच वाढतो, आणि गावचा गवंडीसुद्धा हे काम शिकू शकतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्राची परीक्षा झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. कोयनानगर व आसपासच्या गावांत सुमारे १८० माणसे मरण पावली आणि हजारो घरे पडली किंवा तडकली. दख्खनचे पठार हे कठीण, अचल समजले जात असे. त्यामुळे हा धक्का शास्त्रज्ञांनाही बसला. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण नुकतेच पुरे झाले होते. त्याच्या रचनेत भूकंपासाठी वजनाच्या ५ टक्के इतके आडवे बल धरले होते. धरणाच्या आतील मार्गिकेत बसवलेल्या यंत्राने नोंदवलेला सर्वांत मोठा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के भरला. हा हिसका क्षणभराचा असल्याने दोन्ही आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. तरी फरक केवढा होता हे त्यावरून कळते. धरण उभे राहिले, पण उंच भागांत, मागच्या बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो त्या पातळीवर, त्याला तडे गेले.

ही नोंद जगभरच्या अभ्यासकांसाठी अमूल्य ठरली. इतक्या जवळून घेतलेल्या अशा जबर धक्क्याच्या नोंदी तेव्हा फारच थोड्या होत्या. जयकृष्ण यांनी चंद्रशेखरन व सैनी या सहकाऱ्यांसह तिचे विश्लेषण करून १९६९ साली ते प्रसिद्ध केले. १९७० साली संहितेतील नकाशा सुधारण्यात आला आणि कमी धोक्याचा मानला गेलेला कोयनेचा परिसर अधिक धोक्याच्या भागात गेला.

आता खरा प्रश्न होता तडे गेलेल्या धरणाचा. मागे पाणी आहे, खाली गावे आहेत, वीजकेंद्र चालू ठेवायचे आहे. असे धरण पाडून नवे बांधता येत नाही. कोयनेच्या अभियंत्यांनी मग उभ्या धरणालाच बळकटी दिली. तडे इपॉक्सीने भरले, काही भाग पोलादी तारांनी ताणून आवळले आणि पुढे उंच भागांच्या पाठीला काँक्रीटचे भक्कम टेकू जोडले. हे काम १९७३ पर्यंत झाले. सांडव्याच्या भागाची बळकटी त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००६ साली, पुरी झाली. वापरात असलेली वास्तू वापर न थांबवता मजबूत करायची, असे हे आपल्या देशातील एक मोठे उदाहरण होय. आपल्या हैदराबादेतील राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था गेली अनेक दशके कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करीत आहे, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. हबसिगुड्यावरून जाताना तिची इमारत दिसते.

जयकृष्ण यांना १९६६ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे पद्मभूषण हा सन्मान त्यांच्याकडे चालून आला. १९७१ ते १९७७ या काळात ते रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७७ साली भूकंप अभियांत्रिकीची जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली आणि त्यानंतर १९८० पर्यंत या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९८७ साली स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे ते पहिले अध्यक्ष. परंतु शिक्षकाची खरी मिळकत म्हणजे त्याचे विद्यार्थी आणि सहकारी. रुडकीतून शिकून गेलेले अभियंते देशभर पसरले. त्यांच्यापैकी प्रा. आनंद स्वरूप आर्य यांनी साध्या माणसाच्या विटामातीच्या घराचा ध्यास घेतला आणि गुरूचे काम पुढे नेले.

या कामाची सर्वांत कठोर कसोटी आपल्या लोकांच्या अंगणात लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. हा सारा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील कितीतरी मराठी घरांचे आजोळ आणि सोयरेसंबंध औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांत आहेत. त्या सकाळची आठवण ज्यांच्या घरात आजही जागी आहे असे पालक आपल्यात असतील.

किल्लारीचा भूकंप जगातील फार मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. मग इतकी माणसे का गेली? त्याचे उत्तर घरांत होते. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत. पण आत दोन थर वेगळे आणि मध्ये माती व दगडगोटे, अशी त्यांची रचना होती. दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. वर माळवदाची जाड माती. धक्का बसताच भिंतीचे दोन थर सुटून वेगळे झाले आणि झोपलेली माणसे दगडमातीखाली सापडली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा दाखवलेला होता, म्हणून कोणी काळजीही केली नव्हती.

ज्या गावांचा नाश झाला ती नव्याने वसवण्यात आली. पण त्याहून मोठा प्रश्न आजूबाजूच्या हजारो गावांत होता. तेथील घरे तडकली होती, पण पडली नव्हती, आणि त्यांत माणसे राहत होती. इतक्या साऱ्यांना नवे घर कोठून द्यायचे? म्हणून पुनर्वसन कार्यक्रमात राहत्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. अशा घरांची संख्या दोन लाखांच्या आसपास जाते. त्याच वर्षी, १९९३ साली, भारतीय मानक संस्थेने जुन्या इमारतींच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाची मार्गदर्शक संहिता काढली होती. रुडकीच्या तीन दशकांच्या अभ्यासाचे फळ त्यात आहे.

हे काम कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. प्रथम माळवदावरची जास्तीची माती उतरवून भार हलका करायचा. मग भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात आकडे केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. सुटलेले दोन थर त्यामुळे एकमेकांना टाचले जातात. लिंटलच्या वर भिंतीला पोलादी जाळी ठोकून तिच्यावर सिमेंटचा पट्टा ओढायचा. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके टेकू द्यायचे. घर रिकामे करावे लागत नाही. आज एक खण, उद्या दुसरा. ओसरीवर चूल पेटलेली असते आणि आतल्या खोलीत गवंड्याचे काम चालते.

मोठ्या इमारतींनाही हेच तत्त्व लागू पडते. कार्यालय महिनाभर बंद ठेवणे कोणाला परवडत नाही. म्हणून अभियंते आधी इमारतीचे नकाशे काढतात, काँक्रीट तपासतात आणि सर्वांत कमजोर जागा शोधतात. नंतर एकेक मजला किंवा एकेक बाजू घेऊन कॉलमभोवती नवी सळई व काँक्रीट चढवतात, योग्य जागी नव्या भिंती उभारतात. जड कपाटे भिंतीला जखडणे हाही या कामाचाच भाग होय. २००१ च्या भुज भूकंपानंतर दिल्लीत वापरातील पाच सरकारी इमारती अशा तपासणीसाठी व मजबुतीकरणासाठी निवडण्यात आल्या. त्यांत दिल्ली सचिवालय व पोलीस मुख्यालय होते, एक रुग्णालय होते आणि लडलो कॅसल ही शाळाही होती. जपानने तर हे काम देशभर केले. २००२ साली तेथील निम्म्याहून कमी सरकारी प्राथमिक व माध्यमिक शालेय इमारती भूकंपाच्या कसोटीला उतरणाऱ्या होत्या. पुढच्या दोन दशकांच्या आत जवळजवळ साऱ्या उतरू लागल्या.

प्रा. जयकृष्ण २७ ऑगस्ट १९९९ रोजी निवर्तले. त्यांच्या नावाचा स्मृती पुरस्कार अभियांत्रिकी अकादमी देते. पण त्यांचे खरे स्मारक नव्या घराच्या लिंटलवर गिलाव्याआड गेलेल्या त्या पट्ट्यात आहे. तो घातलेला असतो तेव्हा कोणाला दिसत नाही.

आता आपल्याविषयी थोडे. २००२ च्या नकाशात हैदराबाद सर्वांत कमी धोक्याच्या भागात आहे, म्हणून भिण्याचे कारण नाही. तरी १९८३ साली मेडचल परिसरात भूकंप झाला होता आणि ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी मुलुगुचा धक्का शहरात अनेकांना जाणवला. किल्लारीसुद्धा कमी धोक्याच्या भागातच होती, एवढे आम्ही नम्रपणे नमूद करतो. विश्वस्त मंडळींना आमची विनंती अशी की, शाळेची पुढील मोठी दुरुस्ती निघेल तेव्हा रंगरंगोटीबरोबर जाणकार अभियंत्याकडून भिंती, कॉलम आणि गच्चीवरचा भार यांचीही तपासणी व्हावी. पालकांनी घर घेताना किंवा गावी बांधताना फरशीच्या रंगाआधी लिंटलच्या पट्ट्याची चौकशी करावी.

आणि विद्यार्थ्यांना एक काम. दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा एक जुने घर नीट पाहा. भिंत कशाची आहे, किती जाड आहे, छपरावर काय आहे, कोपऱ्यात तडा आहे का, घरातल्या वडीलमाणसांनी १९९३ ची पहाट कशी पाहिली, हे सारे वहीत लिहून आणा. सोबत घराचे साधे चित्र काढा. सुटीनंतर आपापल्या वर्गशिक्षकांकडे ही टिपणे द्यावीत. निवडक टिपणे पुढील अंकात आनंदाने छापू.